एल्विन जोन्सची साथ

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी स्नेहसंमेलनात मी एका गायिकेला तबल्याची साथ केली आणि तिचे गाणे बुडवले. भावगीत साधे होते, दादऱ्यात बांधलेले; तिचा आवाज हलका होता आणि शब्दाशब्दावर विसावत पुढे जाणारा होता. मी मात्र नुकत्याच हाती आलेल्या लग्ग्या, म्हणजे ठेका सोडून वाजवायचे जलद तुकडे, कुठे वाजवायला मिळतात याची वाट पाहत बसलो होतो. ओळ संपली की तिहाई, तिने श्वास घेतला की लग्गी, असे माझे चालले होते. दुसऱ्या अंतऱ्यात तिने दोनदा वळून माझ्याकडे पाहिले, तेव्हा ती दाद देत आहे अशी माझी समजूत झाली. माझे गुरुजी तिसऱ्या रांगेत बसले होते. त्या संध्याकाळी ते काही बोलले नाहीत. पुढच्या गुरुवारी शिकवणीला गेलो तेव्हा त्यांनी मला तासभर 'धा धी ना धा ती ना' एवढेच वाजवायला लावले. बोल बदलायचा नाही, लय हलवायची नाही, डग्ग्यावर घसीटसुद्धा घ्यायची नाही. मी उठायला लागलो तेव्हा म्हणाले, "अरे, साथीला बसलेला माणूस ऐकू आला नाही तरी चालेल. त्याला ऐकू यायला हवं."

हे वाक्य मी पुढे बरीच वर्षे शिरोधार्य मानले आणि त्याचा अर्थ असा लावला की चांगला साथीदार म्हणजे गप्प राहणारा साथीदार. त्या समजुतीला पहिला तडा त्याच वर्षी हॉस्टेलच्या खोलीत गेला. माझ्या खोलीत मडगावचा एक मित्र राहत असे. त्याचे मामा तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांतल्या डान्स बँडमध्ये ट्रंपेट वाजवत आणि दिवसा सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जात; गोव्याहून आलेल्या त्या पिढीतल्या अनेक वादकांचा हाच दिनक्रम होता. मामांनी भाच्याला दिलेल्या कॅसेटच्या खोक्यात जॉन कोल्ट्रेन या अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादकाची 'अ लव्ह सुप्रीम' होती. सुरुवातीला एक मोठी घंटा घुमते, सॅक्सोफोन एखादी घोषणा करावी तसा थोडा वेळ बोलतो, मग डबल बासवर चार स्वरांचा एक तुकडा पुन्हापुन्हा येऊ लागतो आणि त्याच्याखाली ड्रम चालू होतात. मी तबलजीच्या कानाने ऐकत होतो, त्यामुळे माझे लक्ष लगेच तिकडे गेले, आणि मी अस्वस्थ झालो. हा माणूस मला ज्यासाठी शिक्षा झाली होती ती प्रत्येक गोष्ट करत होता. मुख्य वादक बोलत असताना तो बोलत होता, त्याच्या श्वासाच्या जागा भरत होता, आणि बहुतेक वेळ त्याच्याइतक्याच मोठ्या आवाजात. तरीही सॅक्सोफोन बुडत नव्हता. उलट हा ड्रमर, एल्विन जोन्स, जितका उसळत होता तितका कोल्ट्रेन अधिक उंच जात होता. माझ्या हातून गाणे बुडाले आणि याच्या हातून ते तरले, यातला फरक कोणता, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यामागे लागला आहे.

एल्विन रे जोन्सचा जन्म ९ सप्टेंबर १९२७ रोजी मिशिगन राज्यातल्या पाँटियाक या मोटारींच्या कारखान्यांच्या गावी झाला. आईवडील दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यातून उत्तरेकडे आलेले; वडील जनरल मोटर्समध्ये लाकडाची तपासणी करत आणि बॅप्टिस्ट चर्चमध्ये डीकन, म्हणजे तिथले एक सेवक-पदाधिकारी होते. दहा भावंडांतला हा सर्वांत धाकटा. थोरला हँक पियानो वाजवू लागला आणि मधला थॅड ट्रंपेटकडे वळला. हँक पुढे एला फिट्झजेराल्ड या जॅझ गायिकेचा साथीदार म्हणून काही वर्षे हिंडला, म्हणजे साथ हा या घराचा थोरल्यापासूनचा धंदा म्हणायचा. (१९६२ साली मेरिलिन मन्रोने राष्ट्राध्यक्ष केनेडींसाठी वाढदिवसाचे जे जगप्रसिद्ध गाणे म्हटले, त्या वेळी पियानोवर हाच हँक होता. असल्या माहितीचा काहीही उपयोग नसतो, पण ती एकदा कळली की विसरता येत नाही.)

लहानपणी घरावरून सर्कशीची मिरवणूक जाई, तेव्हा एल्विनचे डोळे तिच्यातल्या ढोलवाल्यांवर खिळत. हा तपशील त्याच्या बहुतेक चरित्रांत एका ओळीत उरकला जातो, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. ड्रम किट हे वाद्य मुळात मिरवणुकीतून जन्मले आहे. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर मोठा ढोल एकाकडे, छोटा स्नेअर दुसऱ्याकडे आणि झांजा आणखी कोणाकडे असत. नाचाच्या दालनात इतक्या माणसांना जागा नव्हती आणि इतक्यांना पैसे देण्याची मालकांची तयारीही नव्हती. मोठ्या ढोलावर पायाने टोला मारण्याची चांगली सोय विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बाजारात आली, आणि मग एकच माणूस स्टुलावर बसून तिघांचे काम करू लागला. आपल्याकडच्या पथकातला ढोल, ताशा आणि झांज हे तिन्ही एका माणसाच्या दोन हातांत आणि दोन पायांत वाटून दिले तर काय होईल, अशी कल्पना केली म्हणजे या वाद्याची घडण ध्यानात येते. बहुतेक ड्रमर हे तीन भाग एकत्र बांधून त्यांचे एक वाद्य करतात. एल्विनच्या बाबतीत मला नेहमी वाटत आले आहे की त्याने ती मिरवणूक पुन्हा सुटी केली. त्याचे चारही अवयव चार माणसांसारखे चालतात, प्रत्येकाची चाल वेगळी, पण रस्ता एक.

शाळेच्या बँडमध्ये त्याने ड्रमचे प्राथमिक हात पक्के केले. १९४६ ते १९४९ तो सैन्यात होता. सुटताना हाती आलेली रक्कम आणि बहिणीकडून उसने घेतलेले ३५ डॉलर यांतून त्याने पहिला ड्रम किट विकत घेतला. त्यानंतर डेट्रॉइट. तिथल्या 'ब्लू बर्ड इन' या क्लबात बिली मिचेल या सॅक्सोफोनवादकाच्या ताफ्यात तो रात्री वाजवू लागला. थॅड आणि पियानोवादक टॉमी फ्लॅनागनही तिथेच होते, आणि गावात येणारे बाहेरचे मोठे वादक त्या मंचावर चढत. आपल्याकडे मैफलींतून साथीदार तयार होतो तसेच हे होते: आज एक घराणे, उद्या दुसरे, आणि कोण काय वाजवणार हे आधी कोणी सांगत नाही.

१९५५ मध्ये तो बेनी गुडमन या क्लॅरिनेटवादकाच्या बँडसाठी परीक्षा द्यायला न्यूयॉर्कला आला आणि नापास झाला. त्याचे मला नवल वाटत नाही. गुडमन यांच्या संगीतात लय ही आखलेल्या रस्त्यासारखी असते; कडेचे दगड चुन्याने रंगवलेले, वळण कुठे येणार ते आधीच माहीत. एल्विन मात्र न्यूयॉर्कमध्येच राहिला, बासवादक चार्ल्स मिंगस, पियानोवादक बड पॉवेल यांच्याबरोबर वाजवू लागला. १९५७ या एका सालातल्या दोन ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवल्या तर त्याचे सगळे भावी आयुष्य त्यांत दिसते. ऑगस्टमध्ये स्टॉकहोम येथे टॉमी फ्लॅनागनबरोबर त्याने 'ओव्हरसीज' वाजवली, आणि तिथे काठ्या बाजूला ठेवून तारांच्या ब्रशांनी असे वाजवले की कोणीतरी रेशमी कापडावरून झपझप हात फिरवत आहे असे वाटावे. ३ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात सनी रॉलिन्सबरोबर तो रात्रीच्या बैठकीला बसला. तिथे पियानोच नव्हता. फक्त सॅक्सोफोन, बास आणि ड्रम. सुरांचा आधार देणारे वाद्य नसल्यामुळे मधली सगळी मोकळी जागा एल्विनकडे आली आणि त्याने ती सोडली नाही.

त्याने नेमके काय केले हे सांगायचे तर जॅझचा ठेका आधी सांगावा लागेल. ठेका हा शब्द मी उगीच वापरत नाही. ड्रमरच्या उजव्या हाताला एक मोठी झांज असते, तिला राइड सिंबल म्हणतात. तिच्यावर चार मात्रांचा एक साचा अखंड चालतो: डिंग, डिंग-ड, डिंग, डिंग-ड. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर एकेक आघात, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेचे दोन तुकडे, पण तेही सारखे नव्हेत. मात्रेचे तीन भाग करायचे, पहिला वाजवायचा, मधला गाळायचा आणि तिसरा पुढच्या मात्रेला चिकटवायचा. त्या गाळलेल्या मधल्या भागामुळे जॅझला ती विशिष्ट डुलती चाल येते. हा ठेका झांजेवर नेण्याचे श्रेय बरेचसे केनी क्लार्क या ड्रमरना दिले जाते. त्यांच्या आधी चारही मात्रा पायाने मोठ्या ढोलावर मोजल्या जात. क्लार्क यांनी १९४० च्या सुमारास मोजणी वर झांजेवर नेली आणि ढोल अचानक येणाऱ्या आघातांसाठी मोकळा केला. त्या आघातांना वादक 'बाँब' म्हणत, कारण काळ महायुद्धाचा होता. मॅक्स रोच, आर्ट ब्लेकी हे सगळे ड्रमर या वाटेने पुढे गेले.

एल्विनने काय केले, तर इतरांनी गाळलेला तो मधला तुकडा वाजवायला घेतला. तो कधी स्नेअरवर पडतो, कधी बास ड्रमवर, कधी टॉमटॉमवर. कधी झांजेवरचा जोरही तिथेच सरकतो. आता मात्रेचे तिन्ही भाग जिवंत झाले, आणि ते एका हाताने नव्हे तर चार अवयवांनी आपसांत वाटून घेतले. तबल्यात ज्याला आपण तिगुन (एका मात्रेत तीन) आणि आडी (दोन मात्रांत तीन) म्हणतो त्याच्या या शक्यता आहेत. पण आपल्याकडे आडीत गेलेला तबलजी परत बरोबरीच्या लयीत येतो आणि येताना श्रोत्याला ते कळते. एल्विन दोन्ही लयी एकाच वेळी चालू ठेवतो. शिवाय त्याचा एक तुकडा आवर्तन संपले म्हणून संपत नाही. तो समेवरून वाहत जाऊन पलीकडे कुठेतरी विरतो. हाय-हॅटने, म्हणजे पायाने मिटवायच्या झांजांच्या जोडीने, दुसरी आणि चौथी मात्रा धरावी हा त्या काळचा जवळजवळ नियम होता, आणि तोही त्याने पाळायचा तेव्हाच पाळला. मी कित्येकदा फक्त झांज ऐकायची, किंवा फक्त डावा हात ऐकायचा, असे ठरवून बसलो आहे. एकट्या कुठल्याही हातात ठेका पूर्ण सापडत नाही. कान मोकळा सोडला की तो सगळीकडे असतो.

गुरुजींना मी हे ऐकवले ते फार नंतर, त्यांच्या सत्तरीत. मुद्दाम 'माय फेवरिट थिंग्ज' निवडली, कारण ती तीन मात्रांच्या चालीत आहे आणि त्यांना धरायला सोपी जाईल असे मला वाटले. एका लोकप्रिय संगीतिकेतले हे गोड गाणे कोल्ट्रेनच्या चौकडीने ऑक्टोबर १९६० मध्ये ध्वनिमुद्रित केले आणि जवळजवळ चौदा मिनिटांपर्यंत नेले. एल्विन तेव्हा चौकडीत नुकताच आला होता. गाण्याच्या ओळी मध्येमध्ये थांबतात आणि पियानो दोनच स्वरसंगतींवर हेलकावे घेत राहतो. तो भाग किती वेळ चालायचा याला ठरलेली मर्यादा नाही, वादकाचे मन भरेपर्यंत. गुरुजींनी पहिल्याच मिनिटात मांडीवर दादरा धरला. मान डोलू लागली. पाचव्या मिनिटाच्या आसपास त्यांचा हात थबकला, त्यांनी पुन्हा मोजले, पुन्हा समेवर टाळी दिली आणि ती बरोबर असूनही त्यांचा विश्वास बसेना. सहा मात्रांकडे तीन-तीन असे पाहता येते आणि दोन-दोन-दोन असेही. एल्विन या दोन पाहण्यांमध्ये श्रोत्याला झुलवत ठेवतो, एकावर बसू देत नाही. रेकॉर्ड संपल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा सम चुकवत नाही. सम लपवतो. आणि गाणाऱ्याला बरोबर ठाऊक आहे ती कुठे ठेवली आहे ते." 'गाणारा' म्हणजे कोल्ट्रेन, हे मला क्षणभराने कळले.

"पण गुरुजी, तो केवढं वाजवतोय," मी म्हणालो. इतक्या वर्षांची तक्रार होती ती. "वाजवू दे की," ते म्हणाले, "तू वाजवत होतास तेव्हा तिच्याकडे पाहत नव्हतास." स्नेहसंमेलनाचा उल्लेख त्यांनी तीस वर्षांत पहिल्यांदाच केला.

त्यानंतर मी कोल्ट्रेनची ध्वनिमुद्रणे वेगळ्या तऱ्हेने ऐकू लागलो. नोव्हेंबर १९६१ मध्ये व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये चार रात्री झालेल्या मुद्रणांपैकी 'चेसिन द ट्रेन' सुमारे सोळा मिनिटांची आहे. पियानोवादक मॅकॉय टायनर त्यात हात आवरून बसला आहे. कोल्ट्रेन एखादा तुकडा उच्चारतो, उलटतो, मोडतो. एल्विन त्याची नक्कल करत नाही, हे आधी लक्षात आले. माझी समजूत अशी होती की ऐकणे म्हणजे ऐकलेले परत म्हणून दाखवणे. सवालजवाबाच्या सवयीने आपल्याकडे ती समजूत अधिकच घट्ट झाली आहे आणि टाळ्याही तिथेच पडतात. एल्विन कोल्ट्रेनचा तुकडा परत म्हणत नाही. तो तुकडा जिथे जाणार आहे तिथली जमीन आधी हलवून ठेवतो. कोल्ट्रेन कुठे श्वास घेणार हे त्याला अर्धे आवर्तन आधी कळलेले असते, आणि म्हणून ती जागा त्याने भरली तरी ती हिरावून घेतल्यासारखी वाटत नाही.

त्याच रात्रींमधले 'इंडिया' हे वादन भारतीय श्रोत्यांना उत्साहाने ऐकवले जाते. कोल्ट्रेनला आपल्या संगीताविषयी खरी ओढ होती. १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव त्याने रविशंकरांवरून रवी ठेवले. 'इंडिया'मध्ये दोन डबल बास आहेत, आणि त्यांची जोडी तानपुऱ्यांच्या जोडीसारखी मागे घुमत राहते, इतके साम्य मला मान्य आहे. त्यापुढे जाऊन एल्विनच्या हातात तबला शोधू नये असे मला वाटते. पंचवीस वर्षांपूर्वी मी तसे करत असे, आणि त्यामुळे पाँटियाकची मिरवणूक, चर्चमधल्या टाळ्या, डेट्रॉइटच्या रात्री हे सगळे मला ऐकू येत नसे. आपल्या शब्दांनी दुसऱ्याचे संगीत समजून घेता येते, पण त्या शब्दांवरून त्यावर मालकी सांगता येत नाही.

'अ लव्ह सुप्रीम' ९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीतल्या इंगलवूड क्लिफ्स येथे, रुडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. एकंदर ३३ मिनिटांच्या आसपास, चार भाग. तिसरा भाग एल्विनच्या एकट्याच्या वादनाने सुरू होतो, आणि ड्रम वाजवणारे लोक त्याच्याविषयी अधिक बोलतात. मला चौथ्या भागाबद्दल बोलायचे आहे. त्याचे नाव 'साम', म्हणजे स्तोत्र. कोल्ट्रेनने देवाला उद्देशून एक प्रार्थना लिहिली होती, ती मुद्रिकेच्या वेष्टनावर छापली आहे. या भागात तो तिचे शब्द सॅक्सोफोनवर म्हणतो, एकेका अक्षराला एकेक स्वर देत. छापील प्रार्थना समोर ठेवून ऐकले तर बोटाने ओळी लावत जाता येते. इथे लय नाही. मात्रा मोजायला गेलेला हात हवेतच राहतो. आपल्याकडे आलापाला तबला नसतो, आणि तो का नसतो हे आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की आपण विचारतही नाही. एल्विन या आलापाला साथ करतो. काठ्या ठेवून तो टिंपनीकडे, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदातल्या त्या मोठ्या तांब्याच्या नगाऱ्यांकडे वळतो. एक ओळ संपताना दूरवर गडगडाट होतो, झांजेवर एक लाट येऊन जाते, पुन्हा शांतता. ठेका नाही, सम नाही, आवर्तन नाही. साथीच्या ज्या ज्या गोष्टी मोजता येतात त्यांतली एकही नाही. जे उरले आहे ते माझ्या गुरुजींच्या वाक्यातले शेवटचे चार शब्द आहेत.

हे वादन झाले त्या महिन्यात तो ३७ वर्षांचा होता. पंधरा दिवसांनी, २४ डिसेंबरला, त्याच स्टुडिओत सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टरच्या 'स्पीक नो ईव्हिल'साठी तो पुन्हा बसला, आणि तिथला एल्विन अगदी वेगळा आहे: आटोपशीर, खालच्या पट्टीतला, जवळजवळ घरगुती.

या वर्षांची काळी बाजू लपवण्यात अर्थ नाही. अमली पदार्थांनी त्या पिढीतले अनेक वादक खाल्ले. १९६३ च्या उन्हाळ्यात एल्विन उपचारांसाठी दूर असताना त्याच्या जागी रॉय हेन्स बसला होता. पुढे १९६५ च्या अखेरीस कोल्ट्रेनला ठरलेली लयच नकोशी झाली आणि त्याने रशीद अली या दुसऱ्या ड्रमरला शेजारी बसवले. दोन ड्रमर, त्यांतल्या एकाची लय धरण्याची इच्छाच नाही. टायनर आधी बाहेर पडला आणि १९६६ च्या सुरुवातीला एल्विनही. काही रसिक याला एल्विनची मर्यादा मानतात. काळ पुढे गेला आणि तो मागे राहिला, असे म्हणतात. मला ते पटत नाही. त्याच्या साथीचा सगळा आधार दुसऱ्याला ऐकण्यावर होता, आणि शेजारी दुसरा ड्रम किट सतत वाजत असेल तर ऐकायचे कसे?

तिथून तो थोड्या दिवसांसाठी ड्यूक एलिंग्टन यांच्या बँडबरोबर युरोपात गेला आणि मग स्वतःच्या वाटेने चालू लागला. चरित्रात्मक लेख इथे घाईत येतात. कोल्ट्रेनबरोबरची जेमतेम साडेपाच वर्षे लेखाचा तीन चतुर्थांश भाग व्यापतात आणि पुढची ३८ वर्षे एका परिच्छेदात बसवली जातात. मीही आता तेच करणार आहे हे मला दिसते आहे, पण निदान अपराधी भावनेने. १९६८ मध्ये सॅक्सोफोनवादक जो फॅरेल आणि कोल्ट्रेनच्याच ताफ्यातला बासवादक जिमी गॅरिसन यांना घेऊन त्याने पुन्हा पियानोशिवायचे त्रिकूट उभे केले. ९ सप्टेंबर १९७२ रोजी, म्हणजे आपल्या पंचेचाळिसाव्या वाढदिवशी, कॅलिफोर्नियातल्या 'लाइटहाउस' क्लबात त्याने डेव्ह लीबमन आणि स्टीव्ह ग्रॉसमन या दोन तरुण सॅक्सोफोनवादकांना असे पेटवले की ती मुद्रणे पुढच्या पिढीच्या वादकांनी पाठ केली. 'झकरायाह' नावाच्या एका विचित्र 'वेस्टर्न' धर्तीच्या गोळीबारपटात तर तो पिस्तूलबाज झाला. एका माणसाला गोळी घालतो आणि लगेच जाऊन ड्रमवर बसतो. चित्रपट मी पाहिला आहे, त्यातले तेवढेच पाहावे.

त्याची पत्नी केइको जपानमधल्या नागासाकीची. दौऱ्यावर तीच त्याचे ड्रम मांडी, कातडी ताणून सूर जुळवी, व्यवहार पाही आणि ताफ्यासाठी रचनाही करी. आपल्याकडे मैफलीपूर्वी हातोडीने गठ्ठे ठोकत तबला लावून देणारा शिष्य असतो. त्याच्याविषयी जसे कोणी लिहीत नाही तसेच केइकोविषयी कमी लिहिले गेले. 'जॅझ मशीन' या नावाने एल्विन वर्षानुवर्षे तरुणांचे ताफे घेऊन हिंडला, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांपैकी एका ताफ्यात सॅक्सोफोन हातात घेऊन रवी कोल्ट्रेन उभा होता. वडील वारले तेव्हा तो दोन वर्षांचाही नव्हता. वडिलांच्या मागे जो माणूस वाजवत होता तोच आता त्याच्या मागे बसला होता. त्या मंचावर काय झाले असेल याची मी कल्पना करू पाहतो, पण एल्विनने मुलाकडून बापाची वाक्ये मागितली नसावीत, इतकेच त्याच्या वादनावरून मला सांगावेसे वाटते.

२००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीने त्याला 'जॅझ मास्टर' हा सन्मान दिला. तोवर हृदय थकले होते. एप्रिल २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड येथे तो मंचावर बसला तेव्हा शेजारी प्राणवायूची टाकी होती. १८ मे २००४ रोजी न्यू जर्सीतल्या इंगलवूड येथे तो गेला. 'अ लव्ह सुप्रीम'चा स्टुडिओ तिथून अगदी जवळ आहे.

गुरुजींना मी आणखी एक मुद्रिका ऐकवणार होतो, ते राहून गेले. ७ मार्च १९६३ रोजी कोल्ट्रेनच्या चौकडीने जॉनी हार्टमन या गायकाबरोबर सहा प्रेमगीते ध्वनिमुद्रित केली. हार्टमनचा आवाज खोल, मखमली, शब्दांवर विसावत जाणारा. लय इतकी संथ की दोन मात्रांच्या मधे माणूस पाणी पिऊन येईल. 'लश लाइफ'मध्ये सुरुवातीला गायकाबरोबर जवळजवळ फक्त पियानो आहे. पुढे एल्विन ब्रश घेऊन येतो, आणि स्नेअरच्या कातड्यावरून तारा गोल फिरताना जो आवाज होतो तो हार्टमनच्या श्वासाच्या आवाजात मिसळतो. ओळ संपते. तिथे जागा आहे, चांगली तीन मात्रांची. दर वेळी त्या जागी माझी बोटे टेबलावर उचलली जातात, आणि दर वेळी एल्विन तिथे ब्रश एकदा फिरवतो, अर्धे वर्तुळ, आणि गायकाला पुढचा शब्द घेऊ देतो.